कडी वाजवून पन्नास

पाटी सापडली ती बादली शोधताना.

दिवाळीला मलकापूरला यायचं, घराचं कुलूप काढायचं, दारात दोन दिवे लावायचे, एक अनार उडवायचा आणि पाडव्याला परत नाशिकची वाट धरायची, हा माझा गेल्या काही वर्षांचा नेम. अनार लावायचा म्हणजे शेजारी भरलेली बादली हवीच. ती नसली तर बाबा ओरडतील अशी धास्ती मला अजूनही वाटते. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. माझं वय आता असं आहे की बसमध्ये पोरी उठून जागा देतात, आणि तरी धास्ती आहे ती आहेच.

बादली न्हाणीत नव्हती. स्वयंपाकघरात धान्याची पत्र्याची कोठी आहे, तिच्यामागे हात घातला तर कोळिष्टकांत गुंडाळलेली लाकडी चौकट हाताला लागली. ओढून काढली, ओढणीने पुसली आणि तिथेच फरशीवर बसले. गुडघ्यांमुळे खाली बसणं मी कधीच सोडलंय. पण पाटी बघितली आणि गुडघ्यांची आठवणच राहिली नाही.

बाबा शाळेत कारकून होते. शाळेने टाकून दिलेली ही मोठी पाटी त्यांनी घरी आणली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने आमच्या गल्लीतली अकरा घरं कायमची लिहून टाकली. डाव्या बाजूला घर, उजवी बाजू खडूसाठी मोकळी, आणि अगदी खाली एक शब्द : वेळ. घरांना त्यांनी आडनावं दिली नव्हती. पोस्टमन, सरकीवाले, शिंपीकाका, वरचे मास्तर, खालचे मास्तर. सगळ्यात शेवटी, गल्ली जिथे रुळांच्या बाजूला संपते तिथलं घर : कुसुमवहिनी. रंग अजून शाबूत आहे. माणसं नाहीत.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी बाबा ही पाटी काखेत मारून निघायचे. प्रत्येक दाराची कडी वाजवायची आणि एकच विचारायचं, "घरात कोणी आजारी, लहान, गाभण?" मग जे उत्तर येईल ते खडूने लिहायचं. शिंपीकाकांच्या वडिलांना दमा, तिथे धूर नको. सरकीवाल्यांच्या ओसरीत छताला टेकेल एवढा कापूस, म्हणून बाण कुठेच नको. पोस्टमनच्या सुनेचं बाळ वीस दिवसांचं. वरच्या मास्तरांकडे मांजर व्यालेली, आणि हेही बाबा तितक्याच गंभीर चेहऱ्याने लिहायचे. आई म्हणायची, "दिवाळी हाये का खानेसुमारी?" बाबा म्हणायचे, "आपला उजेड आपल्या घरापुरता राहते, आवाज काई राहत नाई."

मग पाटी गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाला टांगली जायची आणि सगळी गल्ली ती वाचायची. लक्ष्मीपूजनाला सात ते सव्वाआठ, लिंबासमोरच्या मोकळ्या जागेत, सगळ्यांचे फटाके एकत्र. पाण्याच्या दोन बादल्या, एक घमेलं रेती, एक भिजवलेलं पोतं. सुती कपडे. मुलींच्या वेण्या वर बांधलेल्या. नायलॉनचा फ्रॉक घालून आलेलीला बाबा घरी परत पाठवायचे, मग ती रडो की लोळो. मी दोनदा रडत परत गेले आहे.

अनारासाठी बाबांकडे एक लांब बांबू होता. टोकाला तार गुंडाळून त्यात उदबत्ती खोचायची, हात लांब करून वातीला टेकवायची आणि मागे सरायचं. अनार पेटला नाही तर बाबा म्हणायचे, "रुसला." रुसलेल्या अनाराच्या तोंडात वाकून बघायचं नाही, पायाने ढकलायचं नाही, त्याची मनधरणी करायची नाही. त्याला पुष्कळ वेळ द्यायचा आणि मग लांबून पाणी ओतायचं. जळून संपलेली फुलझडी थेट बादलीत. ती बादलीत पडताना छस्स व्हायचं आणि तारेच्या टोकाशी पाणी क्षणभर उकळायचं. ते ऐकायला मी फुलझड्या घाईघाईने संपवायची.

त्या दिवसांचा वास मला अजून वेगळा काढता येतो. कापसाच्या जिनिंग मिलकडून येणारा सरकीचा तेलकट वास, दारादारातून चकलीच्या कढईचा, उटण्याचा, ओल्या पोत्याचा, आणि या सगळ्यांवर फटाक्यांच्या दारूचा तो झोंबरा वास. नऊच्या सुमारास मालगाडी जायची आणि गल्लीतली भांडी मांडणीवर हलकी किणकिणायची. तोवर सगळे आपापल्या घरी फराळाला बसलेले असायचे. मला वाटायचं, जगात सगळीकडे दिवाळी अशीच होते. पुढे नाशिकला पहिल्या दिवाळीला मी शेजारी विचारायला गेले, "अनार लावू का?" त्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

एक नियम आणखी होता. पाटीवर एकाही घराची हरकत नसेल, अकराच्या अकरा घरांपुढे 'काही नाही' असं लिहिलं गेलं, तर आठ वाजता हजाराची एक लड लावायची. बाबांनीच केलेला नियम, आणि लडही त्यांनीच आणून कपाटावर ठेवलेली. तिचं लाल कागदातलं पुडकं वर्षानुवर्षं तिथेच. कारण अकरा घरं म्हटल्यावर कुठे ना कुठे कोणी आजारी, लहान, नाहीतर गाभण असायचंच.

मी अकरा वर्षांची झाले त्या वर्षी बाबांच्या पायाला लागलं होतं. पाटी त्यांनी माझ्या हातात दिली. मला केवढा अभिमान वाटला होता! पोस्टमन : काही नाही. शिंपीकाका : काही नाही; दम्याचे आजोबा लेकीकडे गेले होते. सरकीवाल्यांनी कापूस आधीच विकला होता. मांजरही व्यालं नव्हतं. घर संपत होतं, दुसरं येत होतं, आणि माझ्या कानात लडीचे फटाके आत्ताच वाजायला लागले होते. दहा घरं झाली. दहाही घरांपुढे 'काही नाही'.

राहिल्या कुसुमकाकू. बाबा त्यांना वहिनी म्हणायचे, आम्ही मुलं काकू. त्यांच्या घरामागे गोठा होता आणि गोठ्यात कपिला. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. गल्लीतल्या बायका वसुबारसेला तिचीच पूजा करायच्या. त्याच आठवड्यात आईने तिच्या पोटावरून हात फिरवून म्हटलं होतं, "आता दोन-चार दिवसांचीच वाट हाये." मी आईच्या शेजारीच उभी होते. म्हणजे मला माहीत होतं. हे मी एवढ्यासाठी लिहितेय की पुढे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले, मला कुठे काय कळत होतं. मला कळत होतं.

मी कडी वाजवली. एकदाच, आणि हळू. आतून उत्तर आलं नाही. मी मनात दोन-तीनपर्यंत मोजलं असेल, नसेल. खडू उचलला, 'काही नाही' लिहिलं आणि धावत सुटले.

कपिलेचं माहीत असूनही पाटी वाचून सगळ्यांनी धरलं, काकूंनीच हरकत नाही म्हटलं असणार; लक्ष्मीपूजनाला आठ वाजता बाबांनी लंगडत येऊन लड लावली. गल्लीने पहिल्यांदाच ऐकलेला तो आवाज मला आज नीट आठवत नाही. मला आठवतो तो लड थांबल्यावरचा आवाज. रुळांच्या बाजूला काहीतरी धडपडत गेलं, पत्रा वाजला, आणि कुसुमकाकूंची हाक आली, "कपिले! कपिले वो!"

दावं तोडून ती गेली होती. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सगळ्या गावाच्या गाई शिंगं रंगवून, झुली घालून रस्त्यावर निघाल्या आणि कपिला सापडली रुळांपलीकडच्या पऱ्हाटीत. कापसाची बोंडं फुटलेली होती, आणि त्या पांढऱ्यात ती उभी होती. पायाशी वासरू होतं. हलत नव्हतं.

तिला घरी आणल्यावर तीन संध्याकाळी ती हंबरत राहिली. त्या आवाजाला मी कान झाकून घेतले तरी तो उशीतून यायचा. गल्लीत कोणी फटाका लावला नाही. बाबा पहिल्याच संध्याकाळी मला घेऊन कुसुमकाकूंकडे गेले. गोठ्याच्या दारात उभे राहिले. आत जायचं त्यांना धाडस झालं नाही. म्हणाले, "वहिनी, लड मी लावली. पोरगी विचाराले आलती का तुमच्याकडं?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांच्या मागे होते आणि माझ्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या. काकू म्हणाल्या, "हाव, आलती ना. म्याच म्हटलं, काई नाई."

बाबांनी मान हलवली आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर पाटी त्यांनी मला कधी दिली नाही. पाय बरा झाल्यावर दरवर्षी स्वतः गेले, आणि पहिली कडी कुसुमवहिनींचीच. कपिला विकली गेली, गोठा पडला, तिथे काकूंनी जास्वंद लावली, तरी पहिली कडी तीच. लड पुन्हा आणली नाही. एक नियम मात्र वाढला. पाटी काखेत धरून उंबऱ्यात उभे राहून ते आम्हा सगळ्या मुलांना सांगायचे, "कडी वाजवली की पन्नास मोजाचे. माणूस कामात असते, मागं असते, म्हातारं असते. पन्नास मोजल्याबिगर हलाचं नाई." हे सांगताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत. इतर सगळ्यांकडे बघायचे. मी समजून होते, आणि समजलं नाही असं दाखवत होते. त्यात मी फार तरबेज झाले.

काकूंच्या घरासमोरून शाळेला जाताना मी चप्पल हातात घ्यायची. मोठी झाल्यावर मान खाली घालून जायची. लग्न झाल्यावर सासरी निघताना गल्लीतल्या सगळ्यांच्या पाया पडले. त्यांच्याही पडले, पण घाईत. आईबाबा गेल्यावर दरवर्षी येते ते दिव्यासाठी, असं सांगते. दिवा नाशिकलाही लागतो. काकूंना एकदा सांगायचं आहे म्हणून येते, आणि न सांगता परत जाते. चव्वेचाळीस वर्षं झाली.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या सकाळी गल्लीत शिरले तेव्हाच कळलं. काकूंचं घर विकलं गेलंय. हायवेवरच्या कोणा दुकानदाराने घेतलंय, गोदाम करणार. उद्या, पाडव्याला, सकाळी काकूंचा मुलगा गाडी घेऊन येणार आणि त्यांना पुण्याला नेणार. म्हणजे माझ्याकडे ही एकच संध्याकाळ होती.

बादली मिळाली, परसातल्या मोरीत उपडी ठेवलेली होती. खडू मिळाला नाही. तुळशीच्या कट्ट्याखाली चुन्याचा खडा होता, तो घेतला. पाटी काखेत मारली आणि साडेपाचला निघाले, बाबांसारखीच.

पोस्टमनच्या दाराला कुलूप. कडी वाजवली, पन्नास मोजले. कुलपापुढे पन्नास मोजणारी बाई बघून कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं. शिंपीकाकांकडे आता पाइपांचं दुकान, शटर पाडलेलं. पन्नास. वरचे मास्तर, खालचे मास्तर, दोन्हीकडे पन्नास-पन्नास. बाकीच्या बंद दारांनाही तेवढेच. सरकीवाल्यांच्या वरच्या मजल्यावर बँकेतला एक तरुण भाडेकरू राहतो. मी चौदापर्यंत मोजलं तोच तो बाहेर आला. मी विचारलं, "घरात कोणी आजारी, लहान?" गाभण म्हणायची हिंमत झाली नाही.

"नाही काकू. का? सर्व्हे आहे का?"

"सात वाजता एक अनार लावणार आहे."

तो हसला. चांगला मुलगा आहे. "अहो, लावा ना बिनधास्त! कोण विचारतं हल्ली?" तेवढ्यात हायवेच्या बाजूला आकाशात शॉट फुटले, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि त्याचं बोलणं मला पुढे ऐकू आलं नाही. पाटीवर मी लिहिलं : काही नाही. एवढं एकटं मला नाशिकच्या रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं. हातात अकरा घरांची पाटी आणि विचारायला माणूस नाही.

मग शेवटचं दार.

कडी वाजवली. या वेळी जोरात. एक, दोन, तीन. आत अंधार होता. वीस. मालगाडीची वेळ नव्हती, पण कुठलीतरी एक्स्प्रेस धाडधाड गेली, आणि मी मोजणं चुकले की काय म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पन्नास झाले. नियमाप्रमाणे मी जायला मोकळी होते. पाय निघायला तयारही होते, हे कबूल करते. पण मी पुढे मोजत राहिले. सत्तर. शंभर. एकशे तीसला आतून काठी टेकल्याचा आवाज आला आणि दीडशेच्या आसपास दार उघडलं.

"कोण हाये?"

"मी, काकू. पाटीवाल्यांची."

त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग पाटीकडे बघितलं. पाटीच्या चौकटीवरून हात फिरवला. "ये वो माय. बसाले खुर्ची नाई राह्यली, पोरानं सारं बांधून टाकलं." खोलीत पोती, गाठोडी, दोरीने आवळलेली भांडी. आम्ही उंबऱ्यावरच बसलो.

मी विचारलं, "घरात कोणी आजारी, लहान, गाभण?"

"मोठ्यानं बोल. कान गेले माहे."

मी ओरडून विचारलं. त्या बोळक्या तोंडाने हसल्या. "मीच हाये. आजारी बी मी, लहान बी मीच."

आणि मग मी सांगितलं. चव्वेचाळीस वर्षं जे मी स्वतःशीसुद्धा कुजबुजत होते, ते मला गल्लीत ओरडून सांगावं लागलं. "काकू, त्या वर्षी मी थांबले नाही! कडी वाजवली आणि पळाले! गाय व्यायला आलीय, हे मला माहीत होतं!" वर भाडेकरूची खिडकी उघडी होती. असू दे, म्हटलं.

काकूंना ऐकू आलं. त्या लिंबाच्या दिशेने बघत होत्या. लिंब तोडला त्यालाही बरीच वर्षं झाली.

"मालूम हाये मले," त्या म्हणाल्या. "मी मागं तिलेच ढेप चारून राह्यली होती. कडी ऐकू आली. आली, आली म्हणत हात धुतले आन् दारात आली, तं तू पाटी घेऊन पळून राह्यली होती. मी हाक बी मारली. म्हटलं, येईल वापस."

"मग बाबांना खोटं का सांगितलं?"

"तुह्या बापाचं तोंड पाह्यलं म्या. लड त्यानं लावलती. त्याच्यावर अजून पोरीचं कायले टाकू?"

मला वाटत होतं की आता त्या म्हणतील, जाऊ दे, लहान होतीस. मी त्याची वाट बघत होते. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"लय वाईट वाटलं होतं मले," त्या म्हणाल्या. "वासराचं तं वाटलंच. पर मी वाट पाह्यली तुही. ते दिवाळी गेली, दुसरी आली. तुहा बाप दर साली येत राह्यला. तू नाई आली."

मी त्यांचा हात धरला. हाताला अजूनही गवताचा वास येतो असं मला वाटलं. खरं तर तो चंदनाच्या साबणाचा होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. काकूंनी मला गप्पही केलं नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "अनार लावाचा होता ना तुले? सात वाजले असतीन."

"आधी पाटीवर काय लिहू ते सांगा."

त्यांनी विचार केला. "लिही, घरी हाये."

कुसुमवहिनी या नावापुढे मी चुन्याने लिहिलं : घरी हाये. खाली वेळ लिहिली, सात. मग बादली आणली, काकूंच्याच गाठोड्यातलं एक पोतं सोडून भिजवलं, गल्लीच्या मध्यावर अनार ठेवला. बांबू कधीच मोडलाय. झाडूच्या दांड्याला उदबत्ती बांधली, हात लांब केला, वातीला टेकवली आणि मागे सरले. वात थोडी चरचरली. धूर आला. मग काहीच नाही.

"रुसला वाटते," काकू म्हणाल्या.

"हाव," मी म्हटलं. कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून हाव निघालं.

"जवळ नको जाऊ."

"नाही जात."

माझ्याकडे दुसरा अनार नव्हता. आम्ही उंबऱ्यावर बसून त्याच्याकडे बघत राहिलो. हायवेकडे आकाश लाल-हिरवं होत होतं, त्याचा उजेड काकूंच्या चेहऱ्यावर येऊन जात होता. त्यांनी कपिलेच्या कपाळावरचा ठिपका कुठल्या बाजूला होता ते मला विचारलं. मी डावीकडे म्हटलं, त्या उजवीकडे म्हणाल्या. अर्ध्या तासाने मी उठून लांबून अनारावर पाणी ओतलं. छस्ससुद्धा झालं नाही.

पाडव्याला सकाळी गाडी आली. मुलाला घाई होती, पुण्याचा रस्ता लांबचा. गाठोडी चढली, काकू चढल्या, काच वर गेली. मी हात केला; त्या दुसऱ्या बाजूला बघत होत्या, त्यांच्या जास्वंदीकडे.

माझ्या बसला अजून अर्धा तास होता. घर बंद केलं, बॅग उचलली आणि पाटी पुन्हा कोठीमागे टाकायची राहिली म्हणून तशीच काखेत धरून गल्लीच्या शेवटापर्यंत गेले. काकूंच्या दाराला नवं कोरं कुलूप होतं. मी कडी वाजवली आणि पन्नासपर्यंत मोजलं.